औषधाच्या परवान्यावर

वैशाखातील एका सकाळी दिव्याहून रोह्यास जाणाऱ्या गाडीत बसलो, तेव्हा पोटात दोन कप कडक चहा आणि एक खारी याखेरीज काहीही नव्हते. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत रिकाम्या पोटी चहा घेणाऱ्या मनुष्याचे जे व्हायचे, ते आपटे स्टेशन येईपर्यंत होऊन चुकले होते. कर्नाळ्याचा सुळका खिडकीतून अंगठा दाखवून गेला, जिते गेले, हमरापूर गेले, आणि पेणच्या फलाटावर पाय ठेवला त्या वेळी छातीत जळजळ, तोंडाला कडू पाणी आणि कपाळावर ठणका अशी त्रयी जमली होती, जिला आमच्याकडे वैद्यापासून हमालापर्यंत सर्वजण 'पित्त' या एकाच दोन अक्षरी नावाने ओळखतात.

पेण हे भोगावतीच्या काठचे जुने व्यापारी गाव. एका अंगास सह्याद्रीच्या सोंडा, दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट, आणि मध्ये ही पेठ. अंतोरे बंदरातून जेव्हा गलबते भरत, तेव्हा येथून भात आणि मीठ मुंबईकडे रवाना होई. पुढे रस्ते आले, रेल्वे आली, १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि बंदराचा उल्लेख वृद्धांच्या बोलण्यापुरता उरला. याच तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला, हे शाळेत पाठ केलेले असते; परंतु आज परक्या मुलखात 'पेण' म्हटले की लोकांना आठवतात ते गणपती, आणि त्यांच्या मागोमाग पोहे व पापड. भाद्रपदास अद्याप तीन-साडेतीन महिन्यांचा अवकाश असताही गल्लीगल्लीतील कारखान्यांतून बिनरंगी गजाननांच्या रांगा लागलेल्या होत्या. रंगाचा ब्रश हाती यावयाच्या आधीचे ते पांढरे देव पाहत, एका हाताने छाती चोळीत मी पेठेतून चाललो असता एका टपरीवरील पाटीने माझे लक्ष वेधले: 'मसाला सोडा. गॅस, अपचन, पित्त यांवर गुणकारी.'

टपरीवाला चाळिशीचा, अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर ओला पंचा. त्याने माझ्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिले आणि नाडी न धरताच निदान केले.

"पित्त ना काका? बसा. लिंबू पिळून, मीठ टाकून देतो. दोन ढेकरा आल्या की मोकळं."

"आणि नाही आल्या तर?"

"तर तिसरा सोडा घ्या," तो गंभीरपणे म्हणाला. "पैसे तिसऱ्याचेच द्या."

इतका प्रांजळ वैद्य मला आजवर भेटला नव्हता. त्याच्यामागे लाकडी खोक्यात जाड हिरवट काचेच्या गोटीच्या बाटल्या उभ्या होत्या. मध्यंतरी ही बाटली दुर्मीळ झाली होती. आता ती पुन्हा दिसू लागली आहे, आणि तिची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. हायरम कॉड नामक इंग्रज यंत्रज्ञाने १८७२ साली हिचे पेटंट घेतले. मानेत काचेची एक गोटी कोंडलेली असते आणि तोंडाशी रबराची चकती असते. बाटली उलटी धरून वायुयुक्त पाणी भरले आणि सुलटी केली की आतील वायूच्या दाबानेच गोटी वर जाऊन चकतीला घट्ट बसते. बूच नको, तार नको, लाख नको, कैदीच पहारेकरी होतो. फोडताना लाकडाची ठोकळी तोंडावर ठेवून तळहाताचा एक ठोसा द्यावयाचा. गोटी 'टक्' करून खाली पडते, 'फुस्स' असा दीर्घ निःश्वास निघतो आणि मानेपाशी धुके दाटते. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊन वाट अडवू नये, म्हणून मानेस आतून दोन चिमटे काढलेले असतात, आणि बाटली त्याच अंगाने तिरपी केली तर गोटी तेथे अडकून राहते. हे न कळणारे नवखे गिऱ्हाईक बाटली गरगर फिरवीत बसते, आणि टपरीभोवतीची पोरे हसतात. सोडा आपण उघडीत नाही, 'फोडतो'. नारळाप्रमाणे सोड्यालाही भाषेने हा मान दिला आहे.

पेल्यात मीठ पडताच फेस उसळून काठाबाहेर आला. मिठाच्या कणाकणाला पाण्यात विरलेला वायू धरून बुडबुडा होण्यास जागा मिळते, म्हणून हा उद्रेक होतो. औषधाचा जोर वाटतो तो वस्तुतः खरबरीत कणांचा प्रताप असतो. पोटातही थोड्याफार फरकाने हेच घडते. वायूने जठर ताणले जाते, ढेकर येते, आणि ताण सुटल्याचे सुख होते. जळजळीस कारण झालेले आम्ल मात्र जागच्या जागीच असते, कारण नुसते वायुयुक्त पाणी स्वतःच किंचित आम्लधर्मी असून त्यात आम्ल मारण्याचे सामर्थ्य नाही. ते सामर्थ्य स्वयंपाकघरातील खाण्याच्या सोड्यात आहे, आणि नावाच्या साधर्म्यामुळे एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खाती जमा झाले आहे. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही मला दोन ढेकरा आल्या, डोळ्यांत पाणी आले, आणि जग पुन्हा राहण्याजोगे वाटू लागले. ज्ञान आणि ढेकर यांचा परस्परसंबंध नाही, एवढीच नोंद त्या वेळी मनात केली आणि पाटीवरील 'गुणकारी' हा शब्द पुन्हा वाचला.

हा शब्द त्या टपरीवाल्याचा नव्हे. तो अडीचशे वर्षांचा वारसा आहे. १७६७ साली इंग्लंडातील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नामक धर्मोपदेशक एका मद्याच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या द्रवावर साचणारी जड हवा त्याने पाण्यात मिसळून पाहिली, आणि १७७२ साली त्या कृतीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. हेतू चैनीचा नव्हता. खनिज झऱ्यांचे फसफसते पाणी औषधी मानले जाई, तेव्हा तसलेच पाणी जहाजावर तयार करता आले तर खलाशांचा स्कर्व्ही रोग हटेल, अशी त्याची उमेद होती. स्कर्व्ही त्याने हटला नाही. तो लिंबाने हटावयाचा होता. पुढे १७८३ साली जिनीव्हात याकोब श्वेप नामक जडजवाहिराच्या धंद्यातील गृहस्थाने या पाण्याचा कारखाना काढला, १७९२ साली तो लंडनास आला, आणि मूतखड्यापासून अजीर्णापर्यंत सर्व व्याधींवर वैद्य त्याची शिफारस करू लागले. सोडावॉटर जन्मले ते असे: अंगावर औषधाचे लेबल आणि हातात वैद्याची चिठ्ठी घेऊन.

त्याच्या अमेरिकन नातवंडांची कुळकथा अधिक रंगतदार आहे. जॉन पेम्बर्टन हा अटलांटा शहरचा औषधविक्रेता, यादवी युद्धात जखमी झालेला आणि वेदनांपायी अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला. त्याने कोकाची पाने घातलेली एक द्राक्षमदिरा मज्जातंतूंचे औषध म्हणून चालविली होती. इतक्यात त्या शहरी दारूबंदी आली, मदिरा काढून टाकणे भाग पडले, आणि तिच्या जागी साखरेचा पाक घालून जे सिद्ध झाले ते ८ मे १८८६ पासून एका औषधाच्या दुकानातील सोड्याच्या नळावर पाच सेंटला पेला या दराने विकले जाऊ लागले. तेच कोका-कोला, डोकेदुखी आणि थकवा यांवरील उतारा म्हणून त्याची जाहिरात होई. पेप्सीचा जनकही औषधविक्रेताच: कॅलेब ब्रॅडम याने आपल्या पेयास १८९८ साली जे नाव दिले, ते 'डिस्पेप्सिया' म्हणजे अग्निमांद्य या शब्दावरून. सेव्हन-अप १९२९ साली बाजारात आले तेव्हा त्यात लिथियमचे एक लवण होते, जे आज मनोविकारांवर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली देतात.

या साऱ्या इतिहासातील मला सर्वात प्रिय प्रसंग मात्र महसुलाचा आहे. १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले आणि अमेरिकन सरकारने खर्चासाठी पेटंट औषधांवर कर बसविला. बारा वर्षे औषध म्हणून मिरवलेल्या कोका-कोलाच्या मालकांनी तेव्हा कोर्टात धाव घेऊन दावा लावला की, आमचे पेय हे औषध नव्हेच, ते निव्वळ तहान भागविण्याचे सरबत आहे. दावा ते जिंकले. औषधपणाचा परवाना घेऊन जे पेय घराघरांत शिरले, त्याने परवान्यावर पट्टी बसताच परवानाच फाडून टाकला. तोपर्यंत गिऱ्हाइकाची जीभ कायमची वश झालेली होती. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने पुढे उरलेल्यांच्याही बढाया आवरल्या, परंतु त्याचे फारसे कोणास दुःख झाले नाही, कारण बढाईचे काम संपले होते.

आमच्याकडे हा परवाना अधिकच आवश्यक होता. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात परक्या हातचे पाणी ही लहानसहान बाब नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागेही ग्रामण्याचे शुक्लकाष्ठ लागले. ज्या समाजात चहाच्या एका कपाने शंकराचार्यांपर्यंत दरखास्ती जात, त्या समाजात कारखान्यात भरलेले, कोणी भरले याचा थांग नसलेले, बंद बाटलीतले पाणी खपावे कसे? याचे उत्तर मला वाटते औषधात सापडते. आपल्या परंपरेने औषधास गंगाजलाची पदवी दिली आहे, आणि गंगाजलास विटाळ नाही. आजारी माणसाच्या उशाशी जे चालते ते हळूहळू माजघरात चालते, आणि माजघरात चालले ते लग्नाच्या मांडवात यावयास किती उशीर? मुंबईस पारशी मंडळींनी हा धंदा नावारूपास आणला. खेतवाडीत दिनशॉजी पंडोल यांनी १८८९ साली ड्यूक्सचा कारखाना काढला, पुण्यास अर्देशीर यांचे नाव झाले, आणि लेमन, जिंजर, रासबेरी ही नावे अस्सल मराठी शब्द असल्याप्रमाणे तालुक्याच्या गावी पोहोचली. यांतील जिंजर पोटाला, लेमन उलटीला आणि रासबेरी पाहुण्यांना, अशी वाटणी माझ्या लहानपणी आमच्या घरी होती. रासबेरीला कोणताही रोग नेमून दिलेला नव्हता, म्हणून ती क्वचितच मिळे.

दुपारी ऊन थोडे कलल्यावर रिक्षा करून खारेपाटाच्या बाजूस गेलो. बांधाच्या एका अंगास भाताची उन्हाने भेगाळलेली खाचरे, दुसऱ्या अंगास चिखल, कांदळवन आणि भरतीचे पाणी. त्यापलीकडे मिठागरांचे चौकोन, आणि त्यांच्या कडेला मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे की डोळे दिपावेत. सगळीकडे पाणी आणि पिण्यास थेंब नाही, अशी या भूमीची जुनी तक्रार आहे. हेटवण्याचे धरण याच तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी नव्या मुंबईस जाते, हे रिक्षावाल्याने मला न विचारता दोनदा सांगितले. अशा मुलखात गोड्या पाण्याच्या बाटलीस नुसत्या चवीपलीकडचे मोल असते.

खाडीकाठच्या प्रदेशांची दुसरी ओळख हिवताप. इंग्रजी अमलात त्यावर क्विनीन हे एकच खात्रीचे औषध होते, आणि ते इतके कडू की घेणाऱ्याला तापापेक्षा मात्रेची धास्ती वाटे. गोऱ्या साहेबाने त्यावर तोड काढली: क्विनीन फसफसत्या गोड पाण्यात विरघळवून घ्यावयाचे. १८५८ साली लंडनास अशा पाण्याचे पेटंट झाले, पुढे श्वेपच्या कंपनीने ते 'इंडियन टॉनिक वॉटर' या नावाने विकले. हिंदुस्थानचे नाव आणि हिंदुस्थानचा ताप, दोन्ही बाटलीत भरून परत हिंदुस्थानातील साहेबांनाच. आज त्या पाण्यात क्विनीन नावापुरते असते. अमेरिकन कायद्याने लिटरमागे सुमारे ८३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि हिवतापाच्या उपचाराला दिवसाकाठी दोन ग्रॅमच्या आसपास क्विनीन लागे. म्हणजे औषध म्हणून ते घ्यावयाचे तर रोज वीस लिटरांहून अधिक प्यावे लागेल. रोग राहिला तरी रोगी वाहून जाईल. कडवटपणा मात्र शौकिनांना आवडू लागला, आणि मात्रा गेली तरी चव टिकली.

परतताना ताडाची झाडे दिसली आणि दारूबंदीचे दिवस आठवले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी-माडीवर बंदी आली, आणि तिच्या जागी नीरा, म्हणजे चुना लावलेल्या मडक्यात धरलेला न आंबलेला रस, आरोग्यपेय म्हणून पुढे आली. उन्हे वर येण्यापूर्वी ती प्यावी. उशीर झाला तर आरोग्याचे रूपांतर मौजेत होते आणि मौजेचे गुन्ह्यात. त्याच कायद्यात प्रकृतीच्या कारणास्तव मद्याचा परवाना देण्याची तरतूद होती, आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्याच्या निकालात मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी रद्द ठरविली. अटलांटास दारूबंदीने औषधाचे सरबत केले. मुंबई इलाख्यात दारूबंदीने दारूचे औषध केले. दोन्ही ठिकाणी कायद्याच्या फटीतून जे आत सरकले, त्याच्या हाती कागद एकच होता.

संध्याकाळच्या गाडीने रोह्यास उतरलो. हे स्टेशन म्हणजे एक सीमाचौकी आहे: मध्य रेल्वे येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. गाव मात्र रेल्वेहून फार जुने. कुंडलिकेच्या एका तीरास रोहे, दुसऱ्या तीरास अष्टमी, आणि दोहोंची मिळून नगरपरिषद. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी नदीत येत असल्यामुळे ऐन वैशाखातही पात्रात ओल असते, आणि पेणच्या खाऱ्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिचा गारवा आधी जाणवतो. ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या त्यांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि देवालाही सरकारी इतमाम देणारे हे गाव आहे हे ध्यानात घेतले म्हणजे येथील माणसांच्या बोलण्यातील कचेरीचा सूर उमगतो. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० चा जन्म येथला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे नातेही याच गावाशी.

अर्थमंत्र्यांच्या गावी कराची गोष्ट निघणे स्वाभाविकच. ज्या स्नेह्याकडे उतरलो होतो तो पेठेत किराण्याचे दुकान चालवितो. रात्री ओटीवर बसलो असता त्याने हिशेब मांडला: सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के कर, बहुतेक औषधांवर ५ टक्के. "आता बोल," तो म्हणाला, "पुन्हा औषध व्हावंसं कुणाला वाटणार नाही?" १८९८ साली औषधावर कर होता म्हणून पेय सरबत झाले, आज सरबतावर कर आहे तेव्हा चक्र उलटे फिरल्यास नवल नाही. त्याच्या दुकानात त्याची चिन्हे दिसतच होती. फळांच्या रसाच्या, बलवर्धनाच्या, शक्तीच्या, क्षारपूर्तीच्या नावाने रंगीत खोकी मांडलेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सूचना केली की, माल्टयुक्त पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नयेत, कारण कायद्यात असे सदरच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'ओआरएस' ही अक्षरे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे न बनविलेल्या पेयांवर छापण्यास मनाई केली. परवाना जुनाच, अर्जदार तेवढे नवे.

ही ओआरएस म्हणजे आपली जलसंजीवनी. आणि पेयाने औषधपणाचा दावा करावा व तो शब्दशः खरा ठरावा, असे उदाहरण शोधू गेले तर प्रथम तिचेच नाव घ्यावे लागेल. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण पिंपांतून नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजविले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले. मर्म असे की आतड्यात साखर शोषली जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते, आणि मिठामागून पाणी जाते. घरी करावयाचे तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. यात फेस नाही, रंग नाही, आणि चव म्हणाल तर डोळ्यांतील पाण्यासारखी. ज्याच्यापाशी खरा गुण होता त्याला आकर्षक होता आले नाही, म्हणून आकर्षक असणाऱ्यांनी त्याचे नाव उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेह्याच्या मातोश्री, ज्यांना सारे रोहे काकू म्हणते, मागील अंगणात रतांबे फोडीत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत जांभळटलाल झालेले. एका बाजूस गर आणि बिया, दुसऱ्या बाजूस सालांच्या वाट्या. काही साले आपल्याच रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळविली की त्यांची आमसुले होतात. मीठ घालून रस काढून ठेवला तर ते आगळ. बियांचे तेल काढून थिजविले की भेगाळलेल्या टाचांना लावावयास मुठेल. फळाचा कोणताही भाग वाया जात नाही. त्या दिवशी मात्र अमृतकोकमाचा बेत होता. काकू एकेक वाटी साखरेने दाबून भरीत आणि चिनी मातीच्या बरणीत थर लावीत. बरणीच्या तोंडास फडके बांधून ती ओट्याच्या उन्हात ठेवावयाची, रोज एकदा हलवावयाची, आणि आठ-दहा दिवसांत साखर आपोआप विरघळून गडद माणकासारखा पाक सुटतो. आच नाही, पाण्याचा थेंब नाही. गेल्या वर्षीच्या बरणीतील पाक त्यांनी पेल्यात घातला, वर माठाचे पाणी, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड.

मी माझ्या पेणच्या पित्ताची आणि सोड्याची हकिगत सांगितली. काकू हसल्या.

"पित्तावर चांगलं ना हे?" मी पेला उचलीत विचारले.

"असेल की. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी चोळतात. पण तुला हे पित्तासाठी नाही दिलं हो, उन्हातून पाहुणा आला म्हणून दिलं."

"म्हणजे औषध नव्हे?"

"अरे, औषध म्हणून दिलं तर पोरं तोंड वाकडं करतात. सरबत म्हणून दिलं की दुसरा पेला मागतात," त्या म्हणाल्या आणि पुढल्या वाटीत साखर दाबू लागल्या.

दोन दिवस मी जे प्रीस्टलीपासून प्राधिकरणापर्यंत धुंडाळीत होतो, ते या बाईने एका वाटीत भरून बरणीत टाकले. बाजाराची रीत चैनीला औषधाचे नाव देण्याची. घराची रीत औषधाला चैनीचे नाव देण्याची. आयुर्वेदाने कोकमास वृक्षाम्ल म्हटले आणि त्याचे गुणही सांगितले, परंतु स्वयंपाकघराने त्या गुणांची पाटी कधी लावली नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीचे पन्हे देतात, रामनवमीस सुंठवडा वाटतात, जेवणाच्या शेवटी सोलकढी येते. उन्हाचा दाह, ऋतूचा कफ, पोटाचे जडत्व यांचा बंदोबस्त या पदार्थांत कोणीतरी पूर्वीच करून ठेवला आहे, आणि पुढे मागे त्यातील काही समजुती शास्त्राच्या कसोटीस उतरल्या नाहीत तरी पन्हे वाढणाऱ्या बाईचे काही बिघडणार नाही, कारण तिने दावा केलाच नव्हता. पाटी लावणाऱ्यास रुजुवात द्यावी लागते. पेला पुढे करणाऱ्यास द्यावी लागत नाही. पेणच्या टपरीवाल्यास मी यात दोष देणार नाही. तिसऱ्या सोड्यावर पैसे लावणारा तो मनुष्य शिफारसपत्रांच्या त्या लांबलचक परंपरेतील बहुधा पहिलाच, ज्याने गुण न आल्यास काय याचा विचार केला होता.

निघताना काकूंनी माझी पाण्याची बाटली कालवलेल्या सरबताने भरून दिली. दुपारच्या गाडीत समोरच्या बाकावर एक बाई आणि तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. गाडीचे झोके आणि उकाडा यांनी बेजार होऊन त्याला निडीच्या आसपास एक उलटी झाली होती, आणि पाण्याची चूळ भरून तो फिकट तोंडाने खिडकीशी टेकला होता. मी बाटली पुढे केली. आतला लाल रंग पाहून त्याने आईचा पदर धरला आणि माझ्याकडे संशयाने पाहिले.

"औषध आहे?"

माझ्यापाशी त्या क्षणी अडीचशे वर्षांची माहिती होती. "नाही रे," मी म्हणालो, "सरबत आहे."

त्याने टोपणात ओतून घेतलेला पहिला घोट जिभेवर बराच वेळ धरला. नागोठणे येण्यापूर्वी बाटली अर्धी झाली, आणि त्यातील एक टोपण माझेही होते.